निळ्या फुलांची झुडपं: कात्री कधी उचलायची, कधी खिशात ठेवायची

आमच्या सोसायटीत दरवर्षी गणपतीच्या आधी कुंपणाची कटिंग होते. माळीदादा लांब पात्याची कात्री घेऊन येतात आणि फाटकापासून पंपाच्या खोलीपर्यंत सगळं एका उंचीत आणून ठेवतात. मंडप पडायच्या आत आवार नीटनेटकं दिसावं, यावर कुणाचंच दुमत नसतं. मात्र त्याच रांगेत मी हौसेनं लावलेली निळी कोरांटीही होती, आणि सलग दोन हिवाळे तिला फूल म्हणून आलं नाही. मी खत वाढवलं. पानं तजेलदार झाली, झुडूप फुगलं, फुलांचा पत्ता नाही. तिसऱ्या वर्षी माळीदादांना चहा पाजला आणि तेवढी सहा झाडं कापू नका म्हणून विनवलं. त्या डिसेंबरात कुंपणाचा तो कोपरा असा निळा-जांभळा झाला, की खालच्या मजल्यावरच्या काकू कुठल्या नर्सरीतून आणलंत म्हणून विचारायला आल्या.

तेव्हापासून निळ्या फुलांच्या झुडपांबद्दल कुणी काही विचारलं, की मी खताआधी छाटणीची गोष्ट काढतो. ही झाडं नाजूक नाहीत. आपल्याकडचं ऊन, पाऊस, काळी माती, सगळं बऱ्यापैकी सोसतात. त्यांची फुलं जातात ती बहुतेकदा चुकीच्या महिन्यात चालवलेल्या कात्रीमुळे.

आधी निळं म्हणजे कुठलं निळं ते ठरवा

नर्सरीत ‘निळं फूल द्या’ म्हटलं की जांभळं, फिकट जांभळं, वांगी रंगाचं, असं काहीही हातात पडतं. त्यात नर्सरीवाल्याची लबाडी नसते. निळा आणि जांभळा यांच्यातली सीमा आपल्या बोलण्यातच पुसट आहे. गोकर्णीच्या फुलासारखा गडद निळा झुडपांमध्ये क्वचितच मिळतो. फुलझाडांत अस्सल निळा रंग मुळातच कमी, त्यामुळे ‘निळ्या गुलाबाचं बी’ म्हणून मोबाइलवर दिसणारे फोटो बघून पैसे पाठवू नका.

महाराष्ट्रात सहज जगणारी आणि सहज मिळणारी निळी झुडपं मी सांगतो. पहिलं अर्थातच प्लंबॅगो, म्हणजे निळा चित्रक. हे मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. आयुर्वेदातला पांढऱ्या फुलांचा चित्रक आपल्या रानातला, हा त्याचा भाऊबंद. याचा रंग अस्मानी, उन्हाळी आभाळासारखा, आणि फुलांचे झुबके जवळजवळ वर्षभर येत राहतात. पाकळ्यांखालचा पुष्पकोश चिकट असतो. लहान मुलं ही फुलं कानाच्या पाळीला चिकटवून डूल करतात.

दुसरी कोरांटी. पिवळी काटेकोरांटी सगळ्यांना ठाऊक असते. मी म्हणतोय ती बिनकाट्यांची, निळसर जांभळ्या फुलांची, शास्त्रीय नाव बार्लेरिया क्रिस्टाटा. इंग्रजीत हिला फिलिपिन्सचं नाव चिकटलंय, पण ही भारतातली आणि आजूबाजूच्या देशांतलीच. ऑक्टोबर ते जानेवारी हा तिचा मोसम.

तिसरी दशमुळी. सह्याद्रीतल्या सावलीच्या जंगलात हिवाळ्यात दिसते. फूल उमलतं तेव्हा निळं असतं आणि कोमेजताना लालसर गुलाबी होतं, त्यामुळे एकाच तुऱ्यावर दोन्ही रंग दिसतात. हिच्याच कुळातली, हिमालयाच्या पायथ्याकडची एक बहीण निळ्या एरँथेममच्या नावानं नर्सरीत मिळते. तिचा निळा रंग माझ्या मते या सगळ्यांत सरस. या दोघींनाही सावली चालते, हा त्यांचा मोठा गुण.

यांच्या जोडीला थुंबर्जिया इरेक्टा (गडद जांभळं-निळं कर्ण्यासारखं फूल, आत पिवळा गळा), ड्युरांटा (लोंबत्या फांद्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांच्या माळा) आणि नर्सरीत ‘ब्लू बटरफ्लाय’ म्हणून मिळणारं क्लेरोडेंड्रम. या शेवटच्याच्या फुलाची एक पाकळी गडद निळी आणि चार फिकट, त्यातून बाहेर आलेले लांब वाकडे पुंकेसर म्हणजे फुलपाखराच्या मिशा.

ड्युरांटाबद्दल एक गंमत. आपल्या शहरांत रस्त्याच्या दुभाजकावर आणि बंगल्यांच्या कडेला जे पिवळट सोनेरी पानांचं कुंपण दिसतं, ते बहुतेक ठिकाणी ड्युरांटाच असतं. त्याला फुलं येतात हेच कित्येकांना माहीत नसतं, कारण दर महिन्याला त्याचे शेंडे उडवले जातात.

कारवीचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही. सात-आठ वर्षांनी एकदा फुलून मरणारं ते झाड डोंगरावर जाऊन बघावं, उपटून अंगणात आणू नये. दशमुळीच्या बाबतीतही तेच. रोप किंवा बी नर्सरीतून घ्या, ट्रेकला जाताना खुरपं नेऊ नका.

दोन गट, आणि सगळं त्यावरच

वर सांगितलेल्या झाडांचे दोन गट पाडा आणि ते डोक्यात पक्के ठेवा.

पहिला गट नव्या फुटीवर फुलणारा: प्लंबॅगो, ड्युरांटा, ब्लू बटरफ्लाय, थुंबर्जिया. यांना फांदी फुटली, थोडी वाढली, की टोकाशी फूल येतं. म्हणून छाटल्यावर काही आठवड्यांत पुन्हा बहर येतो. यांना कात्रीची भीती नाही, उलट कात्री लागली नाही तर ही झाडं वाळक्या काड्यांचा गुंता होतात.

दुसरा गट हिवाळ्यात फुलणारा: कोरांटी, दशमुळी, निळं एरँथेमम. पावसाळाभर यांची फांदी वाढते, दिवस लहान होऊ लागले की त्याच फांदीच्या शेंड्याजवळ कळ्या तयार होतात. सप्टेंबरमध्ये शेंडा उडवला की त्या वर्षीचा बहरच गेला. माझ्या कोरांटीचं हेच झालं होतं.

रोप विकत घेताना

शक्यतो फुलावर असलेलं रोप घ्या. प्लंबॅगोची पांढरी जातही असते आणि फूल नसताना दोन्ही सारखीच दिसतात. कोरांटी तर पांढऱ्या, गुलाबी, जांभळ्या अशा अनेक रंगांत मिळते. ‘निळीच आहे हो’ या शब्दावर विसंबून मी तीन पांढऱ्या कोरांट्या घरी आणल्या आहेत. त्या आजही आहेत, त्यांचा काही दोष नाही.

उंच, किडकिडीत रोपापेक्षा बुटकं आणि बुडापासून तीन-चार फांद्या फुटलेलं रोप घ्या. पिशवीच्या तळातून मुळांचा जाड झुपका बाहेर आलेला असेल तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलंय. पानं उलटी करून बघा. पांढरा कापूस, चिकटपणा, मुंग्या दिसल्या तर दुसरं रोप मागा.

आपल्याकडच्या बऱ्याच नर्सऱ्यांतली रोपं लाल चिकण मातीच्या गोळ्यात येतात. हा गोळा वाळला की विटेसारखा होतो. तो तसाच जमिनीत ठेवला तर बाहेरची माती ओली आणि आतली मुळं कोरडी, असं होतं. लावण्याआधी रोप पिशवीसकट अर्धा तास बादलीभर पाण्यात ठेवा. मग पिशवी फाडून गोळ्याची बाहेरची बोटभर माती हलक्या हातानं सुटी करा. मुळं फार मोडू नका, पण गोळा जसाच्या तसाही लावू नका.

जागा, खड्डा, माती

प्लंबॅगो, ड्युरांटा, ब्लू बटरफ्लाय यांना रोजचं ५–६ तास ऊन हवं. ४ तासांहून कमी मिळालं तर फांद्या लांबतात, गळपटतात आणि फुलं टोकाला दोन-चारच येतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेश या भागांत एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर सावली मिळेल अशी पूर्वेकडची जागा निवडा. झाड पश्चिमेच्या उन्हानं मरत नाही, पण फुलाचा रंग उडतो. मे महिन्यात दुपारी प्लंबॅगो जवळजवळ पांढरा दिसतो. दशमुळी आणि एरँथेमम आंब्याच्या किंवा नारळाच्या झिरपत्या सावलीत लावा, जिथे दुसरं काही फुलत नाही. कोरांटीला दोन्ही चालतं, पण ऊन जास्त तशी फुलं जास्त.

लागवडीसाठी पहिला चांगला पाऊस झाल्यानंतरचा काळ, म्हणजे जूनचा शेवट ते जुलै, सर्वांत सोयीचा. कोकणात मात्र धो धो पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरात लावा, नाहीतर रोपाच्या बुडाशी पाणी साचून मुळं कुजतात. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीतही लावता येतं. एप्रिल-मे टाळा.

खड्डा लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी दीड फूट, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर. खणून आठवडाभर उघडा ठेवा. मग त्याच खड्ड्यातली निम्मी माती, पाऊण ते एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड आणि जमीन काळी, चिकट असेल तर एक घमेलं जाड वाळू किंवा बारीक मुरूम असं मिसळून भरा. शेणखत कुजलेलं आहे का हे नाकानं आणि हातानं बघा. वास यायला नको आणि बोटांत भुसभुशीत लागायला हवं. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी (मातीतली पांढरी अळी) येते आणि ती मुळं खाते.

काळ्या जमिनीत आणखी एक गोष्ट करा. रोप जमिनीच्या पातळीपेक्षा तीन-चार बोटं वर, उंचवट्यावर लावा आणि आळं बुंध्यापासून हातभर लांब, गोल करा. पावसाळ्यात बुंध्याशी पाणी उभं राहत नाही. कोकणातल्या जांभ्या मातीत निचऱ्याची चिंता कमी, पण ती माती पाणी आणि खत दोन्ही धरून ठेवत नाही. तिथे शेणखत दुप्पट घाला आणि वर पाल्याचं आच्छादन करा.

अंतर: प्लंबॅगो एकटा लावायचा तर चारही बाजूंनी ३–४ फूट मोकळे ठेवा, कुंपण करायचं तर दोन रोपांत २ फूट. ड्युरांटाला ५ फूट द्या, तो आडवा पसरतो. कोरांटी आणि दशमुळी दीड-दोन फुटांवर, पाच-सहा एकत्र लावल्या तर डोळ्यांत भरतात. एकटीदुकटी कोरांटी गवतात हरवून जाते.

पाणी

पहिला महिना एकाआड एक दिवस. त्यानंतर मातीत बोट दोन पेरं घाला, ओल लागली तर पाणी नको, कोरडं लागलं तर भरपूर द्या. रोज चूळभर पाणी दिलं तर मुळं वरच्या वर राहतात आणि मेमध्ये तीच आधी भाजतात. एकदा रुळला की प्लंबॅगो हिवाळ्यात आठवड्यातून एका पाण्यावर राहतो. उन्हाळ्यात जमिनीतल्या झाडाला दोन-तीन दिवसांनी आणि कुंडीतल्याला रोज.

ब्लू बटरफ्लाय दुपारच्या उन्हात माना टाकतं. लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी बघा, बहुतेक वेळा ते आपोआप ताठ झालेलं असतं. संध्याकाळीही मान खाली असेल तरच त्याला तहान लागलीय.

खत: कमीच द्या

या झाडांना उपाशी ठेवायचं नाही, पण लाडही नको. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत छाटणीनंतर आणि जूनमध्ये, प्रत्येक झाडाला २–३ किलो शेणखत किंवा त्याच्या निम्मं गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. आळ्यात पसरून वरची माती हलवून घ्या. एवढं पुरतं.

युरिया अजिबात नको. कोरांटीला फूल येत नाही म्हणून मी ज्या वर्षी खत वाढवलं, त्यात युरियाही होता. नत्र जास्त झालं की झाड पानांवर खर्च करतं, कोवळी लुसलुशीत फूट येते आणि तिच्यावर मावा तुटून पडतो.

अंड्याची टरफलं आणि चुलीची राख झाडांना घालायची घराघरांत सवय असते. जांभ्या मातीत ते चालेल. पण पुणे, नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर या भागांतली काळी माती बऱ्याच ठिकाणी आधीच चुनखडीयुक्त आहे, बोअरचं पाणीही क्षारांचं. त्यात राख आणि टरफलं म्हणजे चुन्यात चुना. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे पाण्याच्या कमतरतेचं लक्षण नाही. मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही, म्हणून हे होतं. प्लंबॅगो आणि ब्लू बटरफ्लायवर हे पटकन दिसतं. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह, मिळतं. लिटरभर पाण्यात १ ग्रॅम मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा, १५ दिवसांनी पुन्हा एकदा. नवी पानं हिरवी येतात, जुनी पिवळीच राहतात, त्यामुळे निकाल शेंड्याकडे बघून ठरवा. टिकाऊ उपाय म्हणजे दरवर्षी पालापाचोळ्याचं खत घालत राहणं.

छाटणी

इथे सावकाश वाचा.

प्लंबॅगोची मोठी छाटणी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य या काळात. थंडी ओसरू लागलेली असते आणि ऊन अजून चढलेलं नसतं. आधी वाळक्या काड्या बुडापासून काढा, त्या आतल्या बाजूला भरपूर सापडतात. मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपैकी एक काढा. उरलेल्या फांद्यांची निम्मी उंची कमी करा. झाड पाच-सहा वर्षांचं होऊन बुडाशी उघडंबोडकं झालं असेल तर सर्वांत जुन्या तीन-चार जाड फांद्या जमिनीपासून वीतभर ठेवून कापून टाका. बघवत नाही, पण एप्रिलपर्यंत झाड पुन्हा झुबक्यांनी भरतं.

प्रत्येक काप डोळ्याच्या (फांदीवर जिथून नवी फूट येते त्या जागेच्या) पाव इंच वर, तिरका. कात्री धारदार हवी, फांदी चिरडली तर ती तिथून खाली वाळत जाते. माझ्याकडे हातातली साधी सिकेटर आहे. लांब पात्याच्या कुंपणाच्या कात्रीनं प्लंबॅगो कापू नये असं माझं ठाम मत आहे. त्या कात्रीनं वरून सपाट केलं की बाहेर हिरवा पापुद्रा आणि आत काड्यांचा पिंजरा तयार होतो.

हातमोजे घाला. चित्रकाच्या रसानं त्वचेवर आग होते, पुरळ उठतं. चित्रकाचं मूळ पूर्वी कातडीवर फोड आणण्यासाठी वापरायचे ते याच रसाच्या जोरावर.

मोठ्या छाटणीनंतर वर्षभर फक्त किरकोळ काम. झुबका वाळला की त्याच्या खाली दोन-तीन पानं सोडून खुडा. तिथून दोन नवे शेंडे येतात आणि प्रत्येकावर झुबका. जून अखेरीस पाऊस लागल्यावर एकदा हलकी छाटणी केली की गणपती ते दिवाळी चांगला बहर मिळतो. भर उन्हाळ्यात जोरात छाटू नका, उघड्या पडलेल्या फांद्या उन्हानं भाजतात.

ड्युरांटालाही फेब्रुवारी हाच महिना. पण त्याच्या कमानीसारख्या लोंबत्या फांद्यांची टोकं उडवू नका, माळा तिथेच येतात. पूर्ण फांदी आतून काढा, म्हणजे झाडाचा डौल राहतो. ब्लू बटरफ्लायच्या फांद्या ठिसूळ असतात, वाऱ्यानं मोडतात. त्याला दर दोन-तीन महिन्यांनी थोडं थोडं बुटकं करत राहा. थुंबर्जिया काहीही सहन करतो, कुंपण करायचंच असेल तर त्याचं करा.

आता दुसरा गट. कोरांटी, दशमुळी, एरँथेमम यांची एकच मोठी छाटणी: बहर संपल्या संपल्या. कोरांटीला फेब्रुवारीत, दशमुळी आणि एरँथेममला मार्च-एप्रिलमध्ये शेवटचं फूल गळल्यावर. जमिनीपासून फूटभर ठेवून कापलं तरी चालतं. पाऊस सुरू झाल्यावर फूट जोमानं येते. फांद्या वीतभर झाल्या की जूनच्या शेवटी एकदा आणि जुलैच्या शेवटी एकदा शेंडे चिमटीनं खुडा. एका फांदीच्या दोन, दोनाच्या चार होतात, आणि जितके शेंडे तितके तुरे.

१५ ऑगस्टनंतर कात्री खिशात. झेंडावंदनाची तारीख मी मुद्दाम निवडली आहे, लक्षात राहायला सोपी. त्यानंतर या झाडांना हात लावायचा नाही, मग गणपती येवोत की दसरा. सोसायटीत राहत असाल तर तोंडी सांगून भागत नाही. मी दरवर्षी ऑगस्टमध्ये त्या सहा कोरांट्यांना लाल सुतळी बांधतो.

कीड, आणि कीड नसलेली कीड

प्लंबॅगोच्या पानांच्या खालच्या बाजूला बारीक पांढरे कण दिसले, की लोक घाबरून औषध फवारतात. ते कण बहुतेकदा झाडाचेच असतात. पानांवरच्या ग्रंथींतून क्षार बाहेर येतात आणि वाळून खडूच्या भुकटीसारखे बसतात. ओलं बोट फिरवा. कोरडी भुकटी निघून गेली आणि खाली पान स्वच्छ दिसलं, तर काही करायचं नाही. कापसासारखं लोंबकळतंय, चिकट लागतंय आणि मुंग्या ये-जा करताहेत, तर तो पिठ्या ढेकूण.

पिठ्या ढेकणासाठी आधी पाण्याची जोरदार धार मारा, जास्त भरलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाका. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा भांडी धुण्याचा द्रव साबण फेटून, ऊन उतरल्यावर फवारा. आठवड्याच्या अंतरानं तीनदा. उमललेल्या फुलांवर फवारू नका, तिथे मधमाश्या येतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पानं धुरकट, ठिपक्याठिपक्यांची झाली तर लाल कोळी आला. पानांच्या खालच्या बाजूनं रोज सकाळी पाणी मारलं की तो बहुतेक आटोक्यात येतो.

प्लंबॅगोच्या कळ्या कुरतडलेल्या दिसल्या तर थोडं थांबा. झेब्रा ब्लू नावाच्या इवल्याशा फुलपाखराची अळी याच कळ्या-फुलांवर वाढते. पंख मिटून बसलं की अंगावर झेब्र्यासारखे पट्टे दिसतात. कोरांटीच्या पानांवरही फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. दहा-वीस कळ्या गेल्या तर जाऊ देत.

घरात लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर ड्युरांटाबाबत सावध राहा. फुलांनंतर येणारे पिवळे-केशरी मण्यांसारखे घोस फार सुंदर दिसतात, पक्षीही खातात, पण माणसांना आणि पाळीव जनावरांना ती फळं विषारी असतात. अशा घरात फुलं गळताच घोस कापून टाका, किंवा ड्युरांटा लावूच नका.

कुंडीत, गच्चीवर

प्लंबॅगो आणि कोरांटी १२–१४ इंची कुंडीत उत्तम होतात. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. नुसतं कोकोपीट आणि खत यांवर झाड हलकं राहतं, गच्चीवरच्या वाऱ्यात कुंडीसकट पडतं. कठड्याला चिकटून ठेवलेल्या कुंड्या उन्हाळ्यात भाजतात, वीतभर पुढे ओढा. दोन वर्षांनी, मोठ्या छाटणीच्याच वेळी, झाड काढून कडेची मुळं बोटभर कापा आणि नव्या मातीत पुन्हा लावा.

गच्चीवर हायड्रेंजिया निळा करायची हौस अनेकांना असते. महाबळेश्वर-पाचगणीला बंगल्यांत तो निळा बघितलेला असतो. तिथली जांभ्याची माती आम्ल असते आणि त्यातलं ॲल्युमिनियम झाडाला मिळतं, म्हणून फूल निळं. मातीचा सामू (पीएच) ५.५ च्या खाली असेल तर निळा, ६.५ च्या वर गेला की गुलाबी. पुण्यात आणलेला निळा हायड्रेंजिया पुढच्या वर्षी गुलाबी होतो तो त्यामुळे. करायचंच असेल तर कुंडीत कोकोपीट आणि पानांचं खत जास्त घ्या, शक्य तेवढं साठवलेलं पावसाचं पाणी द्या, आणि कळी दिसायच्या आधीपासून १५ दिवसांनी एकदा ४ लिटर पाण्यात चहाचा चमचाभर तुरटी विरघळवून ओल्या मातीत घाला. हाडांचं खत आणि सुपर फॉस्फेट देऊ नका, त्यांतल्या स्फुरदामुळे (फॉस्फरसमुळे) ॲल्युमिनियम अडकून बसतं. पांढरा हायड्रेंजिया काही केल्या निळा होत नाही. आणि उन्हाळ्याची काहिली त्याला सोसत नाही, हे धरून चला. मी दोनदा प्रयत्न करून सोडून दिलं आणि त्या कुंडीत एरँथेमम लावला.

रोपं वाढवायची असतील तर

छाटणीत निघालेल्या फांद्या फेकू नका. फेब्रुवारी आणि जुलै, दोन्ही वेळा छाटकलमं करता येतात, जुलैत जास्त जगतात. पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, फार कोवळी नाही आणि फार जूनही नाही अशी फांदी घ्या. फूल असलेला शेंडा काढून टाका. चार ते सहा इंचांचे तुकडे, खालचा काप पेराच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) लगेच खाली. खालची पानं काढा, वरची दोन-तीन ठेवा, ती मोठी असतील तर निम्मी कापा. खालचं टोक मुळं फुटायच्या पावडरीत बुडवून झटका. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट अशा ओल्या मिश्रणात काडीनं आधी भोक पाडून खोचा, म्हणजे पावडर पुसली जात नाही. वर पारदर्शक पिशवी, सावलीची जागा. तीन ते पाच आठवड्यांत मुळं येतात. ओढून बघायचा मोह आवरा. नवं पान फुटलं की समजायचं.

थुंबर्जिया आणि कोरांटीची दहातली आठ-नऊ सहज लागतात. प्लंबॅगोची माझ्याकडे निम्मीच जगतात, त्यामुळे मी दुप्पट खोचतो. त्याहून सोपं म्हणजे त्याच्या बुडाशी जमिनीतून येणारे धुमारे. पावसाळ्यात मुळांसकट कुदळीनं वेगळे करा, निम्मे कापा आणि थेट लावा. लोंबत्या फांद्यांवर दाब कलमही होतं: मधल्या पेराजवळ साल किंचित खरवडा, ते पेर मातीत दाबून वर दगड ठेवा आणि दोन महिने विसरून जा.

कोरांटीचं बीही येतं. फेब्रुवारीत तिची बोंडं तपकिरी होतात, वाळली की उकलून बी दूर उडवतात. त्याआधी काढून कागदाच्या पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकच्या नको. रात्री कपाटातून टकटक ऐकू आली तर बोंडं फुटताहेत. बी जूनमध्ये पेरा. बियांपासूनच्या रोपात रंग थोडा मागेपुढे होऊ शकतो. पहिल्या डिसेंबरात जी गडद निळी निघतील त्यांना लाल सुतळी बांधा आणि पुढची कलमं त्यांचीच करा.